एका बैलजोडीला दोन गाय-वासरं: बिल्ल्यांच्या अदलाबदलीचा इतिहास

कुंभिवलीहून पुन्हा एकदा हजर आहे. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी पत्ता सांगतो. जिल्हा रायगड, तालुका खालापूर, खोपोलीच्या जवळ. आणि ज्यांना खोपोलीही माहीत नाही त्यांना इमॅजिका तरी नक्की माहीत असतं. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेलं ते थीम पार्क आमच्याच तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी निम्मे जण तिथे येऊन, नायट्रोवर ओरडून गेले असतील.

आजचा विषय थीम पार्कचाच आहे, पण राइड्सचा नाही. आज बोलायचंय एका छोट्याशा वस्तूबद्दल. अंगठ्याच्या नखाएवढी किंवा जरा मोठी, धातूची, पाठीमागे टोक असलेली. इंग्रजीत तिला पिन म्हणतात, आणि आपल्याकडे तिला फार जुना, झकास शब्द आहे: बिल्ला.

परदेशातल्या डिस्नेच्या पार्कांमध्ये 'पिन ट्रेडिंग' नावाचा छंद आहे. म्हणजे काय, तर बिल्ले जमवायचे, गळ्यातल्या पट्ट्यावर लावून फिरायचं आणि समोरच्याचा बिल्ला आवडला तर आपला देऊन त्याचा घ्यायचा. बस्स, एवढंच. पैसे नाहीत, बिल नाही, जीएसटी नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण गेल्या २५ वर्षांत या पोरखेळाचं जे काय झालं, ते ऐकलंत तर तुमच्या मोबाइलमधल्या गेमपर्यंत धागा पोचतो. आणि गंमत म्हणजे ही अदलाबदल आपल्या आजोबांच्या, वडिलांच्या पिढीने रायगडातल्या शाळांच्या आवारात डिस्नेच्या कितीतरी आधी केलेली आहे. कशी, ते सांगतो.

सुरुवात १८९६ पासून

हे साल लक्षात ठेवा. याच साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं. खेळाडू कोण, पंच कोण, अधिकारी कोण हे ओळखू यावं म्हणून तिथे रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या कपड्यावर लावल्या होत्या. ऑलिंपिकच्या बिल्ल्यांचा इतिहास तिथून मोजतात. पुढे वेगवेगळ्या देशांचे खेळाडू एकमेकांना आपल्या देशाचा बिल्ला देऊन त्यांचा घ्यायला लागले. भाषा येत नसली तरी बिल्ला पुढे करता येतो ना!

त्याच १८९६ मध्ये अमेरिकेत व्हाइटहेड अँड होग नावाच्या कंपनीने एका वेगळ्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं. पत्र्याच्या चकतीवर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा आणि मागे तारेची पिन. बनवायला स्वस्त, दिसायला चकचकीत. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन. उमेदवारांचे फोटो असलेले हे बिल्ले तिथे भरभरून वाटले गेले.

म्हणजे एकाच साली दोन बिल्ले जन्माला आले. एक ओळख सांगणारा, दुसरा प्रचार करणारा. एक खेळाचा, एक राजकारणाचा. हे दोन्ही धागे हातात धरून ठेवा.

आपल्याकडचा बिल्ला

आपल्याकडे बिल्ला म्हटलं की आधी डोळ्यापुढे येतो हमाल. लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला. १९७५ च्या 'दीवार'मधला ७८६ नंबरचा बिल्ला तर तुम्ही रील्समध्येही पाहिला असेल. रिक्षावाल्याचा बिल्ला, एसटी कंडक्टरचा बिल्ला, गणेशोत्सवात छातीवर फीत लावलेला 'कार्यकर्ता'चा बिल्ला. हे सगळे कामाचे बिल्ले. त्यांची अदलाबदल होत नसते. कंडक्टरने आपला बिल्ला दिला तर घरी काय सांगणार?

शाळेत यायचा तो आणखी वेगळा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी वर्गात छोटे कागदी झेंडे यायचे. थोडे पैसे द्यायचे आणि टाचणीने झेंडा खिशावर लावायचा. पैसे जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी. अनेकांच्या आयुष्यातला छातीवरचा पहिला बिल्ला हाच.

पण पोरांच्या खिशात खऱ्या अर्थाने खजिना भरला तो निवडणुकांनी.

१९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरातल्या साधारण १८ जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. मग मत कुणाला द्यायचं हे कळणार कसं? म्हणून चिन्हं आली. त्या निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह लावलेलं असायचं. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, पुढे प्रजा समाजवाद्यांची झोपडी. आणि आमच्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, शेतकरी कामगार पक्षाचा खटारा. खटारा म्हणजे बैलगाडी. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं पक्षाचं नाव घेत नाहीत, 'आमचं घर खटाऱ्याचं' असं म्हणतात.

चिन्ह घराघरात पोचवायला भिंती रंगवायच्या आणि बिल्ले वाटायचे. प्रचाराची जीप गावात शिरली की मागे पोरांची झुंड. मतदार कोण आणि पोर कोण हे बघायला वेळ कुणाला? मूठभर बिल्ले उधळले जायचे.

माझे बाबा १९७७ ला दहा वर्षांचे होते. त्यांच्याकडून ऐकलेला हिशेब तुम्हाला सांगतो. त्या साली जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी नवा कोरा होता. सगळ्यांकडे दोन-दोन, तीन-तीन. त्यामुळे त्याला भाव नव्हता. काँग्रेसचं गाय-वासरू बऱ्यापैकी चालायचं. पण बैलजोडी? बैलजोडी म्हणजे राजा! कारण १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली आणि इंदिरा गांधींच्या काँग्रेसने पुढे गाय-वासरू घेतलं. म्हणजे १९७७ मध्ये बैलजोडीचा नवा बिल्ला कुठूनही मिळणार नव्हता. ज्यांच्या मोठ्या भावाने किंवा काकाने जपून ठेवला असेल त्यांच्याकडेच तो असायचा. बाबांनी काकांच्या पेटीतली एक बैलजोडी देऊन दोन गाय-वासरं आणि वर एक खटारा घेतला होता. त्यांना अजून वाटतं की सौदा चांगला झाला. काकांना अजून वाटतं की नाही.

यात एक गोष्ट बघा. बैलजोडी दुर्मीळ झाली, पण ती कुणी ठरवून केली नव्हती. 'फक्त पाचशे नग' असं कुठल्याही कंपनीने जाहीर केलं नव्हतं. देशाचं राजकारण फिरलं आणि एका पोराच्या खिशातल्या पत्र्याची किंमत वाढली. काँग्रेस १९७८ ला पुन्हा फुटली आणि हाताचा पंजा आला, तेव्हा गाय-वासरूही जुनं झालं. इतिहासाच्या पुस्तकात जे 'पक्षफूट' म्हणून दोन ओळींत येतं, ते या पोरांना बिल्ल्यांच्या भावावरून कळत होतं.

डिस्नेचा बिल्ला

आता चला अमेरिकेला. मधल्या काळात ऑलिंपिकची अदलाबदल खेळाडूंपुरती राहिली नव्हती. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकपासून प्रेक्षकही त्यात जोरात उतरले. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये तर वेडच लागलं. आणि १९८८ ला कॅनडातल्या कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोका-कोलाने बिल्ले बदलण्यासाठी खास केंद्रच उघडलं. इथे पहिल्यांदा कंपन्यांच्या लक्षात आलं की अरे, लोकांना नुसती वस्तू नको आहे, त्यांना वस्तू बदलायची मजा हवी आहे.

हीच मजा डिस्नेने उचलली. ऑक्टोबर १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये नव्या सहस्रकाचा सोहळा सुरू झाला आणि त्यासोबत पिन ट्रेडिंग आलं. पुढच्या वर्षी ते कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पोचलं.

खेळाचे नियम साधे होते. बिल्ला धातूचा हवा आणि डिस्नेचाच हवा. एका कर्मचाऱ्याकडून दिवसाला जास्तीत जास्त दोन बिल्ले. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे तुमचा बिल्ला नियमात बसत असेल तर कर्मचारी नाही म्हणू शकत नाही. तुमचा बिल्ला साधा आणि त्याचा भारी असला तरी त्याने द्यायचा. हिरवा पट्टा घातलेले कर्मचारी तर फक्त लहान मुलांशीच अदलाबदल करायचे. म्हणजे पाच वर्षांची पोरगी झाडूवाल्या दादापुढे उभी राहून 'मला तो हवाय' म्हणायची आणि तो हसून काढून द्यायचा. अनोळखी मोठ्या माणसाशी बरोबरीने बोलायची ती एक तालीमच होती.

हे बिल्ले आपल्या पत्र्याच्या बिल्ल्यांपेक्षा वेगळे. धातूवर ठसा मारायचा, त्यात पडलेल्या खळग्यांत रंग भरायचा, भाजायचं, घासायचं. आपल्याकडची मीनाकारी माहीत आहे ना? तिचाच दूरचा भाऊ.

मग बिनसलं कुठे?

तीन गोष्टी झाल्या. एकेक करून सांगतो.

पहिली, ठरवून केलेली टंचाई. मर्यादित संख्येचे बिल्ले निघायला लागले, पाठीवर आकडा कोरलेला. मग बंद पाकिटं आली. आत कुठला बिल्ला आहे हे फोडेपर्यंत कळणार नाही. गेल्या वर्षी-दोन वर्षांत तुम्ही लबूबू बाहुल्यांसाठी लोक वेडे झालेले पाहिलेत ना? डबा तोच, फक्त आतला माल वेगळा. बैलजोडी इतिहासाने दुर्मीळ केली होती, इथे कारखान्याचं वेळापत्रक ते काम करतं.

दुसरी, इंटरनेट. लिलावाच्या साइट आल्या आणि प्रत्येक बिल्ल्याला भाव चिकटला. आधी प्रश्न असायचा, 'तुला कुठला आवडतो?' आता प्रश्न आला, 'हा केवढ्याला जातो?' कर्मचाऱ्यांच्या पट्ट्यावर ठेवण्यासाठी २००२ पासून खास बिल्ले निघाले होते, ज्यांवर मिकीच्या डोक्याची छोटी खूण लपवलेली असायची. कल्पना अशी की ते विकत मिळणार नाहीत, बदलूनच घ्यावे लागतील. म्हणजे अदलाबदलीची मजा टिकवायचा तो प्रयत्न होता. पण जे बदलून मिळतं ते विकताही येतं, आणि तेही विकलं जायला लागलं.

तिसरी, नकली माल. कारखान्यात नापास झालेले किंवा चोरून जास्तीचे काढलेले बिल्ले शेकड्याने, मातीमोल भावात ऑनलाइन मिळायला लागले. जमवणारे त्यांना 'स्क्रॅपर' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत भंगार. कडा खडबडीत, रंग खळग्यातून बाहेर आलेला किंवा अर्धवट भरलेला. लोक ते स्वस्तात घ्यायचे, पार्कात जाऊन कर्मचाऱ्याला द्यायचे आणि त्याच्याकडचा खरा घेऊन यायचे. आठवतंय ना, कर्मचाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं? ज्या नियमात सगळा मोठेपणा होता, त्याच नियमाच्या वाटेने चोर आत आला. हळूहळू पट्ट्यांवर भंगारच जास्त दिसायला लागलं. मग ती पाच वर्षांची पोरगी आपला खरा, आईने विकत घेऊन दिलेला बिल्ला देणार आणि बदल्यात नकली घेऊन घरी जाणार.

त्यावर २०२० मध्ये कोरोना आला. पार्कं बंद पडली. पुन्हा उघडली तेव्हा गळ्यातले पट्टे गेले होते आणि त्यांच्या जागी बिल्ले लावलेले फलक आले. फलकावरचं बदलून घ्यायचं. काम तेच, पण फलक हसत नाही. तो तुमच्या बिल्ल्याकडे बघून 'अरे वा, हा कुठे मिळाला?' असंही विचारत नाही.

छंद मेला का? नाही. अजून हजारो लोक तो करतात, आपापसात खरे बिल्ले ओळखून बदलतात. पण त्याचं रूप पालटलं. अनोळखी माणसांमधला खेळ आता जाणकारांचा व्यवहार झालाय.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही पत्र्याचा बिल्ला गेलाच, पण वेगळ्या वाटेने. डिसेंबर १९९० ला टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. आचारसंहिता कागदावरून जमिनीवर आली, प्रचाराच्या खर्चाचा हिशेब मागितला जायला लागला. जीपमधून उधळण करायचे दिवस कमी झाले. मग टीव्ही आला, मग मोबाइल. आता चिन्ह थेट तुमच्या स्टेटसवर येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना पुन्हा बजावलं की प्रचारात मुलांना वापरायचं नाही. हे चांगलंच झालं. पोरांनी प्रचारासाठी राबू नये, याबद्दल माझं दुमत नाही. फक्त पोरांच्या खिशातला फुकटचा खजिना त्यासोबत गेला, एवढं नोंदवून ठेवूया.

त्याची जागा दुकानाने घेतली. १९८० च्या दशकात बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं, रन आणि विकेट मिळायच्या. २००३ च्या सुमारास पोकेमॉन टीव्हीवर आलं आणि चिप्सच्या पाकिटातले ताझो सगळ्यांच्या दप्तरात शिरले. 'माझ्याकडे पिकाचू डबल आहे, तुझा चारिझार्ड दे!' हे वाक्य ऐकणाऱ्यांपैकी थोडे मोठे असतील त्यांनी म्हटलेलंच असणार. त्याआधीच्या पोरांनी काडेपेटीचे छाप जमवले. आपल्या कर्जत लाइनवर अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, विमको नाका हे नाव आजही आहे. काडेपेटी काय, प्रत्येक घरात यायची. रिकामी झाली की छाप तुमचा.

आता हा सगळा इतिहास एका ओळीत ठेवून बघा. अदलाबदलीचा खेळ रंगायला तीन गोष्टी लागतात. एक, वस्तू जवळजवळ फुकट हातात यायला हवी. दोन, तुझ्याकडचं माझ्याकडे नसायला हवं. तीन, समोर माणूस हवा. बैलजोडीच्या काळात तिन्ही होत्या. काडेपेटीच्या छापात तिन्ही होत्या. ताझोमध्ये पहिली थोडी कमी झाली, कारण चिप्सला पैसे लागतात. थीम पार्कच्या बिल्ल्यात पहिली जवळजवळ गेली, कारण बिल्ला विकतचा आणि फाटकातून आत जायला तिकीट. कोरोनानंतर तिसरीही पातळ झाली.

आणि आता तुमच्या हातातला फोन घ्या. बीजीएमआयमधला तुमचा बंदुकीचा स्किन आहे ना, पैसे देऊन किंवा रात्र-रात्र जागून मिळवलेला? तो मित्राच्या स्किनशी बदलून दाखवा. नाही बदलता येत. तो तुमच्या खात्यात आहे, पण हातात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तेव्हा पोरांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या वस्तूंचं काय झालं ते तुम्हीच आठवा. बैलजोडी गोठवली गेली तेव्हा तिच्या बिल्ल्याचा भाव वाढला होता. गेम गोठवला गेला तेव्हा हातात धरता येईल असं काहीच नव्हतं.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही. अदलाबदल करणाऱ्या पोराला दोन गोष्टी आपोआप शिकायला मिळत होत्या. आपल्याकडचं सोडायला आणि समोरच्याला काय हवंय ते ओळखायला. खरेदीत यातलं काहीच लागत नाही, फक्त पैसे लागतात. आणि पैसे सगळ्यांकडे सारखे नसतात. आमच्या वाडीतलं पोर आणि खोपोलीतल्या बंगल्यातलं पोर बैलजोडीपुढे बरोबरीचे होते. उलट वाडीतल्या पोराच्या काकाकडे ती असेल, तर तोच वरचढ! बंद डब्याच्या दुकानात ते बरोबरीचे नाहीत.

मी इमॅजिकात जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा टोप्या, टी-शर्ट, चुंबकं घेऊन बाहेर पडणारी माणसं पाहिली. गळ्यात बिल्ल्यांचा पट्टा घातलेला मात्र कुणी मला दिसला नाही. कधी वाटतं, आपल्याकडे हा खेळ आला नाही ते एका अर्थी बरंच. कारण आपण तो पहिल्यापासून, आपल्या पद्धतीने सुरू करू शकतो. त्याला कंपनी लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बिल्ला, कबड्डीच्या संघाचा, ट्रेकिंगच्या ग्रुपचा, गावच्या वाचनालयाचा. बिल्ले बनवायचं हातमशीन असतं, त्यात पत्र्याची चकती, कागद आणि प्लॅस्टिकचा पापुद्रा ठेवून दाबायचं, झालं. १८९६ चंच तंत्र आहे ते. नियम एकच ठेवायचा. विकायचा नाही, बदलायचा.

हे जुनाट स्वप्न वाटत असेल तर एक आठवण करून देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं. त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटला प्रवेश मिळाला. म्हणजे आता क्रिकेट खेळणारी पोरंपोरीही ऑलिंपिकच्या गावात जातील. तिथे कुणीतरी अनोळखी देशाचा खेळाडू समोर येईल, भाषा येणार नाही, आणि तो फक्त एक बिल्ला पुढे करेल. १३० वर्षं होत आली, ही पद्धत अजून चालू आहे.

तर या आठवड्याचं काम सांगतो. घरातल्या मोठ्यांना विचारा, लहानपणी तुम्ही काय बदलायचात? काडेपेटीचे छाप, बिल्ले, गोट्या, ताझो, काहीही. आणि एका वस्तूला दुसऱ्या किती मिळायच्या, तो भावही विचारा. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चांगली चांगली निवडून पुढच्या भागात ऐकवतो.

तोपर्यंत, काळजी घ्या. घाटात पाऊस आहे, गाडी हळू चालवा. भेटूया!